एमबीबीएसचं पहिलं वर्ष: प्रवेशाच्या फाईलपासून पहिल्या टेस्टपर्यंत

नीटच्या पेपरात उत्तर समोर छापलेलं असतं, चारांतून ते ओळखायचं. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात उत्तर कुठेच छापलेलं नसतं. हातात हाड देऊन विचारतात, "हे कुठलं? कोणत्या बाजूचं? इथून काय जातं?" वाचताना सगळं समजलेलं असतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. पहिल्या वर्षी अडकणारी मुलं बहुधा इथेच अडकतात. म्हणून तयारी आणखी वाचण्याची नको. सांगण्याची, लिहिण्याची आणि हाताने करण्याची हवी.

पुढची माहिती महाराष्ट्रात, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे. क्रम जसा लागतो तसाच ठेवला आहे.

पहिलं काम: फाईल

प्रवेशाच्या दिवशी मूळ कागदपत्रं कॉलेज जमा करून घेतं आणि ती लवकर परत मिळत नाहीत. त्यामुळे जमा करण्याआधी प्रत्येक कागदाचं रंगीत स्कॅन करून ठेवा आणि साक्षांकित झेरॉक्सचे 3 संच काढा. नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, आधार. आरक्षित जागा असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे नॉन-क्रिमीलेअर. बारावीनंतर वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र.

यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो जात वैधतेचा. दाखला तालुक्याला मिळतो, पण वैधता जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून येते आणि तिला वेळ लागतो. अकरावी-बारावीतच ज्युनिअर कॉलेजमार्फत अर्ज करून ठेवावा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत कधी संपते तेही आत्ताच पाहा.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो. फी सवलतीची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाच्या खर्चासाठीचा डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता या दोन योजनांची पात्रता आपल्याला लागू आहे का ते तपासा. तहसील कार्यालयातला उत्पन्नाचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा आहे ना, हेही बघा. पैसे अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बँकेत आधार नोंदवलेलं असतं, पण थेट लाभासाठी (डीबीटी) ते खातं आधारशी सीड केलेलं, म्हणजे जोडलेलं नसतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाखेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग झालंय का?" असं स्पष्ट विचारा. आणखी एक: दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरशः एकच हवं. वडिलांच्या नावात एका ठिकाणी 'राव' आणि दुसरीकडे नुसतं नाव, एवढ्यावरून अर्ज परत येतो.

शासकीय कॉलेजात प्रवेश घेताना, शिक्षण पूर्ण झाल्यावर सेवा करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. त्यावर पालकांचीही सही असते. सही करण्याआधी दोघांनी ते पूर्ण वाचावं, एवढंच.

खरेदी: थोडी आणि उशिरा

कॉलेज सुरू व्हायच्या आधी फक्त 2 सुती एप्रन घ्या, गुडघ्यापर्यंत येणारे. बाही पूर्ण की अर्धी हे कॉलेज सांगेल, त्यासाठी थांबलात तरी चालेल. एक एप्रन डिसेक्शन हॉलचा (जिथे मृतदेहावर शरीररचना शिकतात), एक बाकी ठिकाणचा. दोन्ही एकत्र धुवायचे नाहीत आणि डिसेक्शनचा एप्रन घालून मेसमध्ये जायचं नाही.

डिसेक्शनच्या पेटीत 4 नंबरचं स्काल्पेल हँडल आणि त्याला बसणारी 22 नंबरची ब्लेड, दाती आणि बिनदाती चिमटा, एक कात्री, एक आर्टरी फोर्सेप्स आणि एक बोथट प्रोब एवढं पुरतं. 3 नंबरच्या हँडलला 22 ची ब्लेड बसत नाही, म्हणून दोन्ही एकाच वेळी बघून घ्या. स्टेथोस्कोप साधा, मोठ्या माणसांसाठीचा चालेल. पहिल्या वर्षी त्याचं मुख्य काम रक्तदाब मोजणं, महागड्या स्टेथोने तो वेगळा येत नाही.

हाडांचा संच सिनिअरकडून घेण्याची जुनी पद्धत आहे. त्याआधी शरीररचना विभागातून अभ्यासाला हाडं मिळतात का ते विचारा. फायबरचा संच दोघांत एक पुरतो, पण फायबरवर खाचा आणि खडबडीत जागा पुसट असतात, आणि व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बोट नेमकं तिथेच ठेवायला सांगतात. त्यामुळे सराव फायबरवर करा, उजळणी विभागातल्या खऱ्या हाडांवर.

पुस्तकांचं सांगायचं तर प्रत्येक विषयाला एकच मुख्य पुस्तक. पहिला महिना लायब्ररीतून आणा, 4-5 धडे वाचून बघा, मगच विकत घ्या. एका विषयाची 3 पुस्तकं घेतलेल्या मुलाचं एकही पूर्ण होत नाही.

लस

हिपॅटायटिस बी. लहानपणी 3 डोस झाल्याची नोंद असेल तर ते कार्ड फाईलमध्ये ठेवा. नोंद नसेल तर वेळापत्रक 0, 1 आणि 6 महिने असं आहे, म्हणजे आज सुरू केलं तर पुरं संरक्षण यायला अर्धं वर्ष जातं. शेवटच्या डोसनंतर 1 ते 2 महिन्यांनी रक्तातलं प्रतिपिंडांचं प्रमाण तपासतात. दर मिलिलिटरला 10 मिलि-इंटरनॅशनल युनिट किंवा त्याहून जास्त आलं की लस लागू पडली. पुढे वॉर्डात सुई टोचली तर सगळ्यात आधी हाच आकडा विचारतात. पहिल्या वर्षीही रक्ताच्या प्रात्यक्षिकात लॅन्सेट (बोट टोचायची सुई) हातात असतोच.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

इंग्रजीची भीती असते, पण पहिल्या वर्षाची भाषा अर्धी लॅटिन आणि ग्रीक आहे आणि ती इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही नवीनच असते. प्रवेश झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या दिवसांत 100 मूळ शब्दांची वही करा. सुप्रा म्हणजे वर, इन्फ्रा म्हणजे खाली, इंटर म्हणजे दोहोंच्या मध्ये, सब म्हणजे खालच्या थरात. हेपॅट यकृताचं, रीनल मूत्रपिंडाचं, ब्रेकियम म्हणजे दंड. शेवटी आयटिस आलं की दाह, एक्टॉमी आलं की कापून काढणं. हे जमलं की 'इन्फ्रास्पायनॅटस' पाठ करावा लागत नाही: खांद्याच्या फऱ्यावर एक कणा असतो, त्याच्या खालचा स्नायू तो.

दिशांचे शब्द पहिल्या दिवसापासून लागतात: मीडियल (मध्यरेषेकडचं), लॅटरल (मध्यरेषेपासून दूरचं), प्रॉक्सिमल (धडाजवळचं), डिस्टल (धडापासून दूरचं), अँटिरिअर (पुढचं), पोस्टिरिअर (मागचं). आरशासमोर उभं राहून, तळवे पुढे करून, स्वतःच्या अंगावर हात ठेवून ते म्हणा. तळवे पुढे, ही शरीररचनेतली मूळ स्थिती आहे. ती विसरली की अंगठा आत की बाहेर याचा गोंधळ वर्षभर पुरतो.

आणि समजून मराठीत घ्या, उत्तर मात्र इंग्रजीत मोठ्याने म्हणा. परीक्षेत चूक व्याकरणाची नाही, शब्द न आठवण्याची होते.

डिसेक्शन हॉल

देह दोन मार्गांनी येतात: देहदानातून आणि बेवारस राहिलेल्यांमधून. त्यासाठी 1949 चा शरीररचना कायदा आहे. पहिल्या दिवशी विद्यार्थी शपथ घेतात. तिथे फोटो काढायचा नाही, फोन एप्रनच्या खिशातही नको. टेबलावरचा माणूस कुणाचा तरी आजोबा, कुणाची तरी आई होता. तो तुमचा पहिला शिक्षक आहे, हे मनापासून समजून वागा.

देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मालिनने डोळ्यांतून पाणी येतं. कॉन्टॅक्ट लेन्स घालून जाऊ नका, चष्मा घाला. रिकाम्या पोटी जाऊ नका. पोहे, उपमा असं हलकं काहीतरी खाऊन जा. चक्कर बहुधा गुडघे ताठ करून बराच वेळ उभं राहिल्याने येते. डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच खाली बसा, पडून डोकं आपटण्यापेक्षा ते बरं. पहिल्या आठवड्यात असं पुष्कळांना होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ब्लेड बोटांनी चढवायची नाही, आर्टरी फोर्सेप्सने धरून हँडलच्या खाचेत सरकवायची. वापरलेली ब्लेड पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यातच. नवख्यांच्या हातून होणारी मोठी चूक म्हणजे पहिलाच छेद खोल जाणं. त्वचेखालच्या चरबीत बारीक नसा (नर्व्ह) असतात. ब्लेड खोल गेली की त्या दिसायच्या आतच तुटतात आणि त्या टेबलाला त्या पुन्हा कधी दिसत नाहीत. त्वचा उचलल्यावर ब्लेड बाजूला ठेवा. मिटलेल्या कात्रीचं टोक ऊतीत घालून कात्री उघडा, म्हणजे थर आपोआप वेगळे होतात आणि नस, शिरा शाबूत राहतात. तास संपला की ओला कपडा टाकून देह नीट झाका. वाळलेला स्नायू आणि वाळलेली नस एकसारखी दिसते, दुसऱ्या दिवशी काही ओळखू येत नाही.

टेबलाभोवती 15-20 जण असतात आणि हात 2-3 जणांचेच चालतात. मागे उभं राहणाऱ्याने निदान वाचनाचं काम घ्यावं: पुस्तकातली पायरी मोठ्याने वाचायची, पुढच्याने ती रचना शोधायची. आदल्या रात्री 20 मिनिटं तो भाग चाळून आलात तर काय शोधायचं ते माहीत असतं. न वाचता आलेल्याला सगळं तपकिरीच दिसतं.

एक हाड, नीट

वर्षाची सुरुवात बहुतेक ठिकाणी हातापासून होते, म्हणून दंडाचं हाड, ह्यूमरस घ्या. एका टोकाला गोल डोकं आहे, ते वर. दुसऱ्या टोकाला एका बाजूला खोल खड्डा आहे, ऑलिक्रेनन फॉसा. ती मागची बाजू, म्हणून खड्डा स्वतःकडे करा. आता डोकं जिकडे वळलंय ती आतली बाजू. डोकं तुमच्या डावीकडे वळलं असेल तर हाड उजव्या हाताचं. पडताळा पुढच्या बाजूला: वरच्या टोकाला दोन उंचवट्यांमधली उभी खाच तिथे दिसायला हवी. स्वतःच्या दंडाला लावून बघा, पुन्हा चुकणार नाही.

मग तीन ठिकाणी बोट ठेवा. डोक्याखालची निमुळती जागा, सर्जिकल नेक: इथून अ‍ॅक्सिलरी नस जाते. मधल्या भागाच्या मागे तिरकी उथळ खाच: तिथून रेडियल नस. खालच्या टोकाला आतला उंचवटा, त्याच्या मागे अल्नर नस. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात त्या हिच्यामुळे. हाड मधे मोडलं तर रेडियल नस दुखावते आणि मनगट लोंबतं. लहान मुलांत कोपराच्या वरचं हाड मोडलं तर ब्रेकियल रोहिणी आणि मीडियन नस धोक्यात येतात.

व्हायव्हाचा क्रम हाच ठेवा: नाव, बाजू, मूळ स्थिती, खुणा, चिकटणारे स्नायू, शेजारून जाणाऱ्या नसा-रक्तवाहिन्या, आणि मोडलं तर काय होतं. रोज एक हाड, रूममेटच्या हातात पुस्तक आणि आपल्या हातात हाड, 10 मिनिटं. पुस्तक आपल्याच हातात असेल तर तो सराव नव्हे.

ऊतीशास्त्राची जर्नलं मागे टाकू नका. हिमॅटॉक्सिलिनने केंद्रकं निळी-जांभळी होतात आणि इओसिनने बाकीचा भाग गुलाबी, म्हणून दोन रंगाच्या पेन्सिली. आकृती सूक्ष्मदर्शकात बघून काढा. सिनिअरच्या जर्नलवरून उतरवलेली आकृती स्पॉटिंगला (समोर ठेवलेली स्लाइड ओळखायची परीक्षा) ओळखू येत नाही, कारण प्रत्यक्ष स्लाइड तशी नीटनेटकी नसते.

शरीरक्रिया: रक्ताचा स्मिअर

शरीरक्रियाशास्त्राचं लेखी समजून घेतलं की लक्षात राहतं. प्रात्यक्षिकात मात्र हात लागतो. पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजायला लागणारा स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, हा त्यातला सगळ्यांत जास्त फसणारा प्रकार.

1. बोट स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या बोटावर थेंब गोल न राहता पसरतो आणि स्पिरिटने पेशी फुटतात.
2. लॅन्सेट टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाका. बोट पिळू नका, त्याने ऊतीतलं पाणी रक्तात मिसळतं.
3. काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढा थेंब स्लाइडच्या टोकापासून साधारण 1 सेंटिमीटरवर घ्या.
4. दुसरी स्लाइड 30 ते 45 अंशात तिरकी धरून मागे ओढत थेंबाला टेकवा. रक्त कडेने पसरलं की एकाच ओघात, न थांबता पुढे न्या.
5. हवेत वाळवा. मग लिशमन स्टेन (पेशी रंगवायचं द्रावण) थेंब मोजत टाका आणि 2 मिनिटं ठेवा. त्यातला अल्कोहोल पेशी काचेला पक्क्या करतो.
6. स्टेनच्या दुप्पट बफर पाणी घालून, हलकी फुंकर मारून मिसळा. 7 ते 10 मिनिटांनी धुवा आणि स्लाइड उभी करून वाळवा.

चांगला स्मिअर जिभेच्या आकाराचा असतो, शेवटाकडे पातळ होत गेलेला. जाड आला तर थेंब मोठा होता किंवा कोन जास्त होता. मधे भोकं पडली तर स्लाइडला तेलकटपणा होता. काच नेहमी कडांनी धरा. धुताना सगळाच वाहून गेला तर वाळवायची घाई केली. सगळं निळं दिसलं तर पाणी अल्कलीकडे झुकलेलं होतं, सगळं लाल दिसलं तर आम्लाकडे. सूक्ष्मदर्शकाखाली तेल घालून 100 पेशी मोजायच्या, त्याही नागमोडी जात, म्हणजे तीच पेशी दोनदा मोजली जात नाही.

रक्तदाब मोजताना कफची (दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याची) खालची कड कोपराच्या घडीच्या 2-3 सेंटिमीटर वर हवी आणि हात हृदयाच्या पातळीवर. आधी नाडीवर बोट ठेवून मोजा, मगच स्टेथो लावा. काही माणसांत आवाज मधेच नाहीसा होतो आणि खाली पुन्हा ऐकू येतो. थेट स्टेथोनेच सुरुवात केली तर वरचा दाब खरा आहे त्यापेक्षा कमी लिहिला जातो. परीक्षक हे कारण विचारतात.

जीवरसायन

हा विषय मुलं शेवटच्या महिन्यावर ढकलतात आणि तिथेच अडकतात. शरीरातल्या रासायनिक क्रियांची चक्रं वाचून राहत नाहीत. कोऱ्या कागदावर रोज एक चक्र, पुस्तक बंद करून: आधी पदार्थ, मग एन्झाइम, मग वेग ठरवणारं एन्झाइम लाल पेनाने. ग्लायकोलिसिसमधलं (ग्लुकोज तुटण्याच्या क्रियेतलं) मुख्य नियंत्रण फॉस्फोफ्रक्टोकायनेज-1 कडे, असं प्रत्येक चक्राचं एक वाक्य तोंडात हवं. प्रश्न रुग्णाच्या रूपात येतात, म्हणून मधुमेहातला कीटोअ‍ॅसिडोसिस (कीटोनमुळे रक्त आम्लाकडे झुकणं), कावीळ, गाऊट हे आजार त्या-त्या चक्राशेजारीच लिहा.

लघवीतली साखर ओळखायच्या बेनेडिक्ट चाचणीत 5 मिलि रसायनात लघवीचे 8 थेंबच घाला आणि 2 मिनिटं उकळा. निळ्यापासून हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असे रंग साखर वाढेल तसे येतात. लघवी अंदाजाने ओतली तर रंगाचा अर्थच लागत नाही. तापवताना परीक्षानळीचं तोंड कुणाकडेही नको.

हजेरी, गुण आणि रोजची संध्याकाळ

लेखी तासांना 75 टक्के आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के हजेरी लागते. प्रत्येक विषयाचे लेखीचे 100 गुणांचे 2 पेपर आणि प्रात्यक्षिकाचे 100 गुण असतात. अंतर्गत मूल्यमापनात किमान गुण नसतील तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि पहिल्या वर्षाला एकूण 4 संधी आहेत. उत्तीर्णतेचे बारकावे बदलतात, म्हणून चालू वर्षाची नियमावली विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या.

संध्याकाळी 3 तास पुरतात, पण रोज. त्यातला दीड तास त्या दिवशी टेबलावर बघितलेल्या भागाला, पाऊण तास शरीरक्रियेला, अर्धा तास कोऱ्या कागदावरच्या चक्राला, उरलेला जर्नलला. जर्नल आणि लॉगबुकवर सह्या दर आठवड्याला घ्या. टर्मच्या शेवटी सरांच्या खोलीबाहेर सगळी बॅच रांगेत असते. कुटुंब दत्तक कार्यक्रमात 3 ते 5 कुटुंबं तुमच्याकडे येतात, गावाला जावं लागतं. त्या भेटीची नोंद त्याच संध्याकाळी करा, महिन्याने रक्तदाबाचे आकडे आठवत नाहीत.

वसतिगृह

'इंट्रो' या नावाखाली कुणी त्रास दिला, रात्री उठवलं, जर्नलं लिहायला लावली तर तो रॅगिंगचाच प्रकार आहे. महाराष्ट्रात 1999 पासून त्याविरुद्ध कायदा आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522, चोवीस तास. रेक्टर किंवा अधिष्ठात्यांकडे तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. घरी पहिल्याच दिवशी सांगा, दिवाळीच्या सुट्टीची वाट बघू नका. झोप लागत नाही, जेवण जात नाही, तासाला जावंसं वाटत नाही असं दोन आठवडे चाललं तर कॉलेजच्याच मनोविकार विभागात जा. तो विभाग तुमच्यासाठीही आहे.

पहिली टेस्ट बिघडली तर

बारावीपर्यंत वर्गात पहिला येणाऱ्या मुलाला पहिल्या पार्ट कम्प्लीशन टेस्टमध्ये (एक भाग शिकवून झाल्यावरची परीक्षा) 50 पैकी 18 पडू शकतात. उत्तरपत्रिका मागून घ्या आणि प्रत्येक गेलेल्या गुणासमोर तीनपैकी एक अक्षर लिहा: 'न' म्हणजे वाचलंच नव्हतं, 'आ' म्हणजे वाचलं पण आठवलं नाही, 'मां' म्हणजे आठवलं पण मांडता आलं नाही, आकृती राहिली, वेळ संपला. 'न' जास्त असतील तर संध्याकाळचा दीड तास चुकतोय. 'आ' जास्त असतील तर वाचन थांबवून रूममेटला सांगणं वाढवा. 'मां' जास्त असतील तर जुन्या पेपरातला एक दीर्घोत्तरी प्रश्न रोज घड्याळ लावून लिहा, आकृती पेन्सिलने आणि नावं एकाच बाजूला, आणि दर शनिवारी ते कागद विभागातल्या एखाद्या ट्यूटरना दाखवा. त्यांच्याकडे जायला तास संपल्यानंतरची 10 मिनिटं बरी असतात.